चौथ्या चाकाचा ब्रेक

आम्ही नवराबायकोनं संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे ब्रेकची हवा काढणं. लोकांचं काहीतरी चांगलं असते. कोणी शेवटी संगं तीर्थाले जाऊन आलेलं असते, कोणी नातवाच्या बारशाले. आमचं हे असं. मी गाडीखाली उताणा, ती वर डायव्हरच्या शिटावर, मांडीवर सोलायच्या लसणाचं सूप.

ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या तेलात हवा घुसली की पाय कितीबी दाबा, गादी दाबल्यासारखं लागते अन् गाडी काही थांबत नाही. ती हवा काढायले दोन माणसं लागतात. एकानं वर पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं बारकं निपल ढिलं करायचं. हवा फुस्स करून निघाली की निपल कसायचं, अन् मंगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर निघालेली हवा पुन्हा आत. एकेका चाकाले वीस-पंचवीस खेपा.

"दाब!"

"दाबला."

"धरून ठेव."

"धरला. लसूण चटणीपुरता सोलू का जास्तीचा?"

"सोड!"

"सोडला. मी काय विचारलं तुमाले?"

"चटणीपुरता. दाब!"

तीन चाकं झाली. चौथ्यापाशी सरकलो तं ती खाली उतरली. म्हणे, भाकरी टाकायची आहे, हे उद्या काढू. मी चिडलो. म्हटलं, मिल्ट्रीत असं उद्यावर टाकत नसतात. ती म्हणे, "मिल्ट्रीनं हे गाडी टाकली म्हणूनच तुमाले भेटली." अन् गेली चुलीपाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तुरीच्या वावरात धुऱ्याच्या बांधावर बसली, ते उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी म्हटलं बरं. दुसरं काय म्हणणार?

गाडीचं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. वणीच्या खाणीवरून कोळशाचे ट्रक चालवण्यात उमर गेली. घरी बसलो तं हात खाजवायले लागले. एका भंगारवाल्याच्या आवारात ही एक टनी मिल्ट्री गाडी दिसली. बोनेटमधून घाणेरीचं झुडूप निघालं होतं. दुसरा कोणी शहाणा असता तं त्यानं बैलजोडी घेतली असती. मी गाडी घेतली, अन् ते घरी आणायले शेजाऱ्याची बैलजोडी मागतली. म्हणजे बैलाशिवाय जमलं नाही ते नाहीच.

सहा वर्षं लागून होतो. इंजिन तीनदा खोललं. तिसऱ्यांदा जोडल्यावर मूठभर नट-बोल्ट उरले. ते मी चहाच्या डब्यात ठेवून देल्ले, अन् इंजिन पहिल्यापेक्षा बरं चाललं. रंगाच्या दुकानात मिल्ट्रीचा हिरवा मागतला. वाळल्यावर पोपटी निघाला. तवापासून सारं गाव गाडीले पोपट म्हणते. रोडवर ते चारदा निघाली अन् तीनदा ओढून आणली. पेट्रोल तं असं पिते की मी पंपाच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. हौस म्हणजे काय, हे मले विचारा. फायदा काहीच नाही अन् सोडवत बी नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर बंजाऱ्याइच्या तांड्यावरची म्हातारी माझ्यापाशी येऊन बसली. हिची मैत्रीण होती. दोघी कितीक वर्षं संगं कापूस वेचत. आम्ही सारे तिले याडी म्हणतो. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, अन् ती मले म्हणते भीया, म्हणजे भाऊ. मी तिच्यापेक्षा दोनच वर्षं लहान असन, पण याडी ते याडी.

थोडा वेळ रडली. मंग पदरानं नाक पुसून म्हणे, "भीया, पोपट कवा निघते?"

"कुठं?"

"कळंबले. चिंतामणीले. तुह्या बायकोनं शब्द देल्ला होता. येत्या चतुर्थीले आमी तांड्याच्या बारा बाया मिल्ट्रीत बसून जाणार हावो."

मले काहीच माहीत नव्हतं. माह्या गाडीच्या खेपा माही बायको परस्पर ठरवून राह्यली होती. पण शब्द तिचा होता अन् ती नव्हती. मी म्हटलं, "निघते ना. सकाळी सात वाजता तयार राहा." तोंडातून निघून गेलं. चतुर्थीले आठच दिवस होते, अन् चौथ्या चाकात हवा तशीच होती.

शेजारी भला माणूस आहे. कुंपणावरून म्हणे, "काका, मी दाबतो ना ब्रेक. एका घंट्यात होऊन जाईन."

"तुले नाही जमत ते."

"अजी, पाय ठेवायचा अन् उचलायचा. त्याच्यात काय जमायचं?"

"नाही जमत म्हटलं ना."

खरी गोष्ट अशी, की त्या शिटावर कोणाले बसू द्यायचं माह्या मनात नव्हतं. शिटाच्या फटीत लसणाची फोलपटं होती. ते मी झाडली नव्हती. आता लिहून राह्यलो तं माहं मलेच येड्यासारखं वाटते. बारा बायांचा जीव एकीकडे अन् मूठभर फोलपटं एकीकडे. मी फोलपटं धरली.

मंग एकट्याचा उद्योग सुरू झाला. पहिल्या दिवशी पऱ्हाटीची काडी शीट अन् पायडलच्या मधात अडकवली. काडी मोडली अन् नाकावर लागली. दुसऱ्या दिवशी बाभळीचा दांडका तोडून आणला. वर चढायचं, पायडल दाबायचं, दांडका ठोकून बसवायचा, खाली उतरायचं, गाडीखाली घुसायचं, निपल ढिलं करायचं, कसायचं, बाहेर निघायचं, वर चढायचं, दांडका काढायचा. ही झाली एक खेप. एकाहत्तर वर्षांचा माणूस दिवसभर गाडीत चढून-उतरून राह्यला, अन् गाडी काही हलून नाही राह्यली. रस्त्यानं जाणारा एक जण म्हणे, "काका, कुठं चालले?" मी म्हटलं, "खाली."

तिसऱ्या दिवशी सवयीनं गाडीखालून ओरडलो, "सोड!"

अन् पडून राह्यलो. वरून 'सोडला' म्हणायची वाट पाहत. किती वेळ, सांगता येत नाही. शेजाऱ्याचं कुत्रं येऊन तोंड हुंगून गेलं. बहुतेक त्याले वाटलं, हा बी गेला.

त्याच्यानंतर घाई केली. काम अर्धं असताना झालं म्हणून मोकळा झालो. पायडल थोडं कडक लागलं होतं. थोडं म्हणजे मले लावून घ्यायचं होतं तितकं. इतकी वर्षं ट्रकावरच्या क्लीनर पोराइले शिकवत आलो की ब्रेकमधे 'थोडं' नसते, असतो नाहीतर नसतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दिवस कलता, गाडी आंगणातून काढून पाहू म्हटलं.

आमच्या आंगणाले उतार आहे. उताराच्या खालच्या टोकाले न्हाणी. विटांची, हिच्या हट्टानं बांधलेली. गाडी सुरू झाली, उतारावर लागली, मी ब्रेक दाबला. पाय पार पत्र्याले जाऊन टेकला. हातब्रेक ओढायले हात टाकला तं तिथं हातब्रेकच नाही. तो मी महिन्यापहिले साफ करायले काढला होता अन् गोठ्यात खिळ्याले टांगून ठेवला होता. गाडी गेरमधे होती, नुसती तशीच सोडली असती तरी इंजिननं धरली असती. पण कोळशाचे ट्रक चालवण्यात उमर गेलेला डायव्हर क्लच दाबून बसला. बैलाच्या चालीनं गाडी चालली होती. आरामात उतरून पुढं जाऊन हातानं अडवावी इतकी हळू. मी आपला शिटावर बसून न्हाणी जवळ येताना पाहत होतो.

शेजारी धावत आला. "काका! लागलं काय?"

"मले नाही. न्हाणीले."

त्यानं भिंत पाह्यली, गाडी पाह्यली. गाडीले एक ओरखडा नव्हता. मिल्ट्रीचा पत्रा. न्हाणीची एक बाजू पुरी आडवी. तो मोठ्या मुश्किलीनं तोंड गंभीर ठेवून म्हणे, "म्हणजे उद्याची आंघोळ उघड्यावर."

मी म्हटलं, "उद्या देव बी समजून घेईन."

पण हसू आलं नाही. बारा बाया वाट पाहतील. अन् त्याइच्या तोंडावर जाऊन सांगावं लागणार की माह्या बायकोचा शब्द माह्याच्यानं पुरा झाला नाही. जिंदगीत मी कोणाले 'जमलं नाही' असं म्हटलं नाही. रेडिएटर खराब हाय, पेट्रोलमधे पाणी हाय, रोड बेकार हाय, असंच म्हटलं.

सकाळी उजाडता-उजाडता उठलो. न्हाणीच्या उरलेल्या भिंतीच्या आडोशानं दोन तांबे आंगावर घेतले. कामाचाच सदरा घातला, अन् पैदल तांड्यावर गेलो. सारा रस्ता बहाणे जुळवत गेलो. अर्ध्या वाटेवर एक चांगला सापडला होता, तेल भेटलं नाही म्हणून. पण तांड्यावर पोचलो तं हातपंपापाशी बाया नवी लुगडी-पातळं नेसून, डब्बे बांधून उभ्या होत्या. अन् याडी पुढं.

मी म्हटलं, "याडी, गाडी न्हाणीत घुसली. ब्रेक नाही तिले. माह्याच्यानं जमलं नाही."

बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या. अन् मंग अशा हसल्या, अशा हसल्या, की एक तं हातपंपाले धरून खालीच बसली.

"हसायले काय झालं?"

याडी म्हणे, "तुही बायको सांगून गेली होती. तो निघतो म्हणन, तुमी हो म्हणजा. मन नका मोडू त्याचं. पण साडेसातच्या एस्टीवर लक्ष ठेवजा."

मेलेल्या बायकोचा राग येऊ शकते, हे मले त्या दिवशी समजलं. चांगला सणकून आला. सहा वर्षं पाय ठेवून बसली, दाबला म्हणे, धरला म्हणे, अन् मनात एस्टीचा टाइम!

"अजून काय म्हणत होती?" मी विचारलं.

"म्हणे, त्याले बी संगं घेऊ. आपण साऱ्या बसून जाऊ, तो उभा राहीन."

वळलो तं याडीनं माहं मनगट धरलं अन् हात उलटे करून पाह्यले. गिरीस कोपरापर्यंत होतं. "देवापाशी हे असे हात घेऊन येतं काय रे, भीया?" चुलीतली मूठभर राख आणून तिनं माह्या हातावर टाकली. एका बाईनं पंप हापसला.

मी घासत बसलो. तळवे निघाले, नखातलं काही निघालं नाही. तितक्यात फाट्यावर एस्टीचा हॉर्न वाजला. बाया डब्बे घेऊन पळाल्या. मी तसेच ओले हात सदऱ्याले पुसत त्याइच्या मागं पळालो.