फुटाळ्याची राहिलेली चक्कर

परवा आरसा पुसायला स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मनीषनगरच्या आमच्या पोर्चमधली हिवाळ्यातली एक सकाळ आठवली. मोठ्या दुखण्यातून उठलेले बाबा गाडीजवळ खुर्ची टाकून बसले होते, कारण दारांवर चिकटवायच्या चकचकीत पट्ट्या, म्हणजे साइड बीडिंग, त्यांनीच हौसेनं मागवल्या होत्या. मी स्पिरिटनं पत्रा पुसला आणि दोरा ताणून रेघ धरली. बाबांनी पट्टीमागच्या चिकट टेपवरचा लाल कागद नखानं सोलून एकेक पट्टी दाबून बसवली. कोवळ्या उन्हात दारं चमकली तसे ते कितीतरी दिवसांनी मोकळं हसले आणि म्हणाले, "चाल वं, फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर मारून येऊ. लोकायले दिसू दे!" मी पाकिटावरची सूचना वाचली आणि म्हटलं, "आज नाही बाबा. टेप पक्की व्हायले एक दिवस लागते. गाडी हलवली तं पट्टी निघून येईन. उद्या जाऊ." "बरं, उद्या तं उद्या," म्हणत ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना धाप लागली. अँब्युलन्समधून दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत. सूचना बरोबरच होती, मी वावगं काही सांगितलं नव्हतं. तरी आता वाटतं, निघाली असती एखादी पट्टी, तर निघू द्यायची होती.