मोजमापाच्या दिवशीची आई

बनित्साच्या, म्हणजे चीज भरून भाजलेल्या गुंडाळ्यांच्या, दुकानात पापुद्रा ओढायचं काम दोन्काचं. टेबलाएवढा मैद्याचा पडदा ती नुसत्या मुठींच्या पाठीवर फिरवत फिरवत ओढायची. इतका पातळ, की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर वाचता यावं. मग त्यावर तूप, चुरलेलं चीज, अंडं, आणि गुंडाळी करून भट्टीत. स्लिवेन गावच्या वाऱ्यानं घरांची कौलं उडतात, पण दोन्काचा पापुद्रा काही फाटत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत.

हात असे हलके, आणि अंग मात्र भरलेलं, रुंद. डोंगराकडच्या खेड्यातनं लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या दारातनं ती जरा तिरकी होऊन आत शिरली, त्यावरनं दिवसभर चेष्टा झाली. दोन्कानं ती हसून घेतली. एकदा हसून घेतली म्हणजे पुढं कायमच घ्यावी लागते.

मुलगी रालित्सा कुणावर गेली होती देव जाणे. पाच वर्षांची, काडीसारखी. दह्याची वाटी समोर घेऊन जमिनीवर बसायची आणि खाता खाता एक पाय उचलून मानेमागं ठेवायची, जणू त्याची जागा तिथंच. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "हिला सप्टेंबरात हॉलवर न्या. तानेवाबाई निवड करतात." तानेवाबाई म्हणजे रिबन आणि चेंडू घेऊन करायच्या जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षक. त्या वर्षांत आपल्या पोरी परदेशातनं पदकं घेऊन यायच्या, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या खिडकीला अख्खी गल्ली लटकायची. रालित्साला तिथं घ्यावंच, असं दोन्काला वाटलं; स्वतःसाठी तिनं असं काही कधी मागितलं नव्हतं.

मग एका सकाळी एक गिऱ्हाईक काउंटरला टेकून रडायला लागलं. तानेवाबाईंकडं तिच्या पोरीची सगळी तपासणी झाली होती. पाय बघितले, पाठ वाकवली, गुडघे दाबले. "आणि मग विचारलं, आई कोण? मी उभी राहिले. एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वही मिटली. म्हणाल्या, पोर गोड आहे हो तुमची."

ती बाई दोन्काच्या अर्धी होती.

घरी अंगणात नणंद इस्क्रा पत्र्यावर तांबड्या मिरच्या भाजत बसली होती. इस्क्रा कापडाच्या दुकानात कामाला, लग्न झालं नव्हतं, वेताच्या छडीसारखी सरळ. दोन्का शेजारी बसून साली काढायला लागली.

"इस्क्रे, एक काम हाय. आई व्हायचं."

"कुणाची?"

"रालित्साची. एका दिसापुरती."

इस्क्रानं चिमटा खाली ठेवला. "वहिनी, तुला वेड लागलंय."

"मला न्हाय. त्या तानेवाबाईला लागलंय, आयांची मापं घ्यायचं. तू नुसतं हुभं ऱ्हायचं. तुला बघितलं की म्हणंल, पोर अशीच व्हनार."

इस्क्रानं बोटांची काळी राख झटकली. "बाळंतपण नाही, जागरण नाही, आयती पाच वर्षांची पोर," ती म्हणाली. "स्वस्तात पडतंय. पण दादाला काय सांगणार?"

"त्यो ट्रक घिऊन बंदरावर गेलाय. आला की बघू."

पोरीला समजावणं सोपं गेलं, आणि तेच पुढं दोन्काला टोचत राहिलं. वाद नाही, रडणं नाही. रालित्सानं नीट विचारून घेतलं. "हॉलमध्ये आत्या म्हणजे आई. मग तू कोण?"

"मी आत्या."

"आणि घरी?"

"घरी मी आईच. फकस्त हॉलात, आन् हॉलाच्या रस्त्यावर. कुणी कितीबी इचारलं, मी जरी इचारलं, तरी सांगायचं न्हाय. सांगितलं तर रिबन मिळायची न्हाय."

"तू विचारलं तरी?"

"मी इचारलं तरी."

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये मेणाचा आणि घामेजल्या पायांचा वास होता. पांढऱ्या बनियनमधल्या तीसेक पोरी निळ्या रेघेवर अनवाणी उभ्या. दोन्का सगळ्यांत मागच्या बाकावर, मांडीवर कोटांचा ढीग घेऊन. ढीग मुद्दाम मोठा घेतला होता. तानेवाबाई म्हाताऱ्या, वाळक्या, एकेकीचा तळवा उलटा करून बघत होत्या. एक पोर घाबरून उभ्या उभ्या मुतली. बाईंनी स्वतः फडकं आणून पुसलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगून तिला हसवलं. दोन्काला वाटलं, ही बाई वाईट असती तर बरं झालं असतं.

मग भिंतीच्या दांड्यांना लोंबकळायचं होतं. सगळ्या पोरी गळून पडल्या तरी रालित्सा लोंबकळतच होती. आणि एकदम हात निसटला. खाली येताना हनुवटी दांड्यावर आपटली, ओठ फुटला.

दोन्का उठली. कोट घसरून खाली पडले. पोरीनं वळून बघितलं ते थेट मागच्या बाकाकडं, जिथं आई होती तिथं. दोन पावलं तिकडं टाकलीही. मग थांबली. तोंड रक्तानं माखलेलं, श्वास अडकलेला, आणि ती विचार करत होती. पाच वर्षांची पोर. मग ती वळली आणि पहिल्या बाकावरच्या इस्क्राकडं धावली. "आई," असं मोठ्यानं म्हणून तिनं इस्क्राच्या झग्यात तोंड खुपसलं.

झग्याच्या कडेनं तिचा एक डोळा दोन्काला शोधत होता. बरोबर केलं ना, म्हणून.

आणि दोन्कानं डोळ्यांनीच सांगितलं, हो, बरोबर केलंस. शाबासकी दिली तिनं.

तानेवाबाईंनी इस्क्राला पुढून बघितलं, मागून बघितलं. "नाव?"

"दोन्का," इस्क्रा म्हणाली.

आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि वहीत जाऊन बसलं. नव्या वर्षापर्यंत चाचणीवर घेते, मग ठरवू, असं बाई म्हणाल्या. येताना इस्क्रानं पोरीला धान्याचा दाट, गोडसर बोझा पाजला, फुटक्या ओठातनं तो हनुवटीवर ओघळला आणि दोघी हसल्या. दोन्का हसली नाही. तिला कुणी काही म्हटलंही नव्हतं.

ऑक्टोबर लागला. आठवड्यातनं तीन दिवस इस्क्रा दुकानातनं वेळ काढून पोरीला हॉलवर सोडायची आणि परत पळायची. सुटल्यावर न्यायला दोन्का यायची, पण वर्तमानपत्रांच्या टपरीपलीकडं उभी राहायची. टपरीपर्यंत ती आत्या. टपरी ओलांडली की आई. रालित्सा ते इतकं नेमानं पाळायची, की टपरीच्या कडेवर तिचा पाय पडायचा आणि मगच तोंडातनं "आई" यायचं. टपरीवाला पोपोव्ह एकदा म्हणाला, "तुमच्या भाचीला लई शिस्त आहे हो." दोन्का म्हणाली, "व्हय." त्या एका शब्दापायी घरी जाऊन तिनं भांडी दोनदा घासली.

पुढं पुढं टपरी ओलांडल्यावरही पोर एखाद्या वेळी "आत्या" म्हणायची. मग जीभ चावायची.

शनिवारी अंघोळ घालताना रालित्सा पाठीला साबण लावून घेत म्हणाली, "आई, तू बारीक झालीस की परत आई होशील?"

"मी आईच हाय की गं."

"हॉलमध्ये म्हणते मी. इलीनाची आई आत येते. तिच्या केसांना पिना लावते." मग समजूत काढल्यासारखं, "घाई नाही. इलीनाची आजी म्हणते, कोबी खाल्ला की होतं."

दोन्कानं तांब्याभर पाणी पोरीच्या डोक्यावर ओतलं, म्हणजे तिला डोळे मिटावे लागले.

सोमवारी ती दुकानातनं तशीच निघाली. पांढरा कोट, कोपरापर्यंत मैदा. टपरी ओलांडून, हॉलचा जिना चढून आत. सराव चालू होता. तानेवाबाईंच्या जवळ जाऊन ती म्हणाली, "बाई, तुमच्या वहीतली दोन्का मी हाय."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. घाई न करता. "आणि ती सडपातळ?"

"नणंद माझी. तुम्ही आयांची अंगं बघता, म्हनून."

"बघते. दहा वर्षांनी पोरीचं काय होईल ते बघावं लागतं. ते करायला मला गोड वाटतं असं नाही." बाईंनी वही उघडली नाही. "आता तुम्हालाही बघितलं. ते मी विसरणार नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण नाव आज खोडत नाही. नव्या वर्षाला सगळ्यांबरोबर ठरवीन."

"उपकार झाले."

"थांबा. माझी अडचण दुसरीच आहे. ह्या पोरींना मी विचारते, दुखतंय का. त्यांनी खरं सांगितलं तरच मी त्यांना उलटं वाकवू शकते. तुमची पोर मला तोंडावर खोटं सांगते, तेही रक्त येत असताना. तिचं ते खोटं तुम्हीच काढा. इथंच, आत्ता."

बाईंनी टाळी वाजवली. पोरी थांबल्या. "रालित्सा, इकडे ये. ह्या कोण?"

रालित्सानं आईकडं बघितलं. मैद्याचे हात, पांढरा कोट. तिनं टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली. "आत्या."

"न्हाय गं," दोन्का म्हणाली. "खरं सांग. मी कोन?"

"आत्या." आता आणखी मोठ्यानं. रांगेतली कुणीतरी खुदकन हसली.

"मी तुझी आई हाय, रालित्सा."

"नाही. माझी आई कापडाच्या दुकानात आहे."

दोन्का गुडघ्यांवर बसली. चटईवर मैदा सांडला. पोर जवळ आली, गळ्यात हात टाकला आणि कानाशी तोंड नेऊन कुजबुजली, "बघ. तू विचारलं तरी मी नाही सांगितलं."

सगळ्या पोरी बघत होत्या. दोन्काचे कान तापले होते. तिला तिथनं पळायचं होतं. "खोटं मी शिकवलं तिला," ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "मला माझ्या अंगाची लाज वाटली, म्हनून शिकवलं. पोरीचं काय चुकलं न्हाय."

रालित्सा मागं सरकली. आईकडं तिनं असं बघितलं, जणू ठरलेलं दोन्कानंच मोडलं होतं. मग ती बाईंकडं वळली. "मी नाही सांगितलं, बाई. हिनं सांगितलं."

"ऐकलं मी," तानेवाबाई म्हणाल्या. "जा, रांगेत उभी राहा."

पोर रांगेत गेली. दोन्काला मात्र एका दमात उठता येईना. तिनं भिंतीचा दांडा धरला, एक गुडघा सोडवला, मग दुसरा, आणि ते सगळ्यांनी बघितलं.