ताईचं फ्रेंचमधलं बालपण

माझ्या बहिणीने नातीला खोटं बालपण सांगितलं होतं. ते दुरुस्त करायच्या आधीच ताई आज सकाळी गेली.

झोपेतच. हार्ट अटॅक.

ताईचा मुलगा समीर कॅनडात, फ्रेंच बोलणाऱ्या भागात असतो. त्याची मुलगी इरा घरी, शाळेत फ्रेंचच बोलते. मराठी येत नाही.

म्हणून ताईने या वयात घाटकोपरला फ्रेंचचा क्लास लावला.

एक धडा होता, 'माझं बालपण, तेव्हा आणि आता'. त्यासाठी वेगळा भूतकाळ असतो, अँपार्फे.
ताई म्हणाली, "आपलं जायचो, खेळायचो असतं ना, तसंच रे. सोपं आहे."

मॅडमनी नमुन्याचं उत्तर दिलं होतं. आम्ही गावात मोठ्या घरात राहायचो, बाग होती, कुत्रा होता. ताईने ते पाठ करून व्हिडिओ कॉलवर इराला म्हणून दाखवलं.

मी विचारलं, "ताई, आपल्याकडे कुत्रा कधी होता गं?"

"गप रे. मग काय सांगू? बाबांची मिल बंद पडली, माझी शाळा सुटली? सहा वर्षांची पोर आहे ती."

आम्ही भांडुपच्या चाळीत राहायचो. आई आणि ताई दिवसभर घरी राख्या चिकटवायच्या. डिंकाने ताईच्या बोटांची सालं निघायची. त्याच बोटांनी ती मला भरवायची.

गेल्या रविवारी इरा तिला म्हणाली, मला पण तुझ्यासारखं लहानपण हवं.

कॉल संपल्यावर ताईने फोन पालथा ठेवला.
मग म्हणाली, "जे माझं नव्हतंच, ते तिला आवडलं रे."

त्यानंतर ती मॅडमकडून नवे शब्द घेऊन आली. चाळ, डिंक, नळावरची रांग. स्वयंपाक करताना पुटपुटत असायची. राखीला त्यांच्यात शब्दच नाही म्हणून वैतागायची.

उद्याच्या कॉलवर खरं सांगणार होती.

दुपारी समीरचा एअरपोर्टवरून फोन आला. रडत होता. मी त्याला हे सगळं सांगितलं.

"मामा, आई राख्या करायची? मला वाटलं, ते बागेचं घर आपलं कोकणातलं."

त्यालाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

मग मीच सांगत राहिलो, फ्लाइटची अनाउन्समेंट होईपर्यंत.

तो इराला काय सांगेल, माहीत नाही. मी विचारलं नाही.

ताई, तुला माझा शेवटचा नमस्कार.