लसणीचं तेल

लहानपणी राजोडीच्या घरी दुपारभर बावखलात डुंबून आलो, की आई आम्हा तिघा भावंडांना ओटीवर ओळीने आडवं करायची. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आता ते बुजवून तिथे सुट्टीला येणाऱ्यांच्या गाड्या लावतात. "कानात पानी ठेवू नको, सडेल," म्हणत आई पळीत खोबरेल तापवायची. त्यात लसणीची पाकळी तडतडली की स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची आणि मग एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन कानात सोडायची. वर कापसाचा बोळा. मांडीवरून उठायला मी नेहमी नाटकं करायचे, कारण एरवी तिची मांडी मोकळी कधी नसायची. त्या सुखाची सर पुढे कशालाच आली नाही.

म्हणूनच यंदा पावसाळ्यात बोळिंजच्या फ्लॅटमध्ये माझा कान खाजायला लागला, तेव्हा कोणाला न विचारता मी आईनेच भरून दिलेल्या बाटलीतलं तेल घातलं. खाज वाढली. मग केसांची पिन घातली. मग मेडिकलवाल्याकडून कसलेसे थेंब आणले. शहाणपणा अंगाशी आला. आठवडाभरात कान ठणकायला लागला आणि दडे बसले.

माणिकपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी पडद्यावर मला माझाच कान दाखवला. शिळ्या पावावर येते तशी बुरशी, पांढरी, वर काळे ठिपके.

"आपली दमट हवा, त्यात तेलाचा ओलावा, त्यात पिनेचे ओरखडे," ते म्हणाले. "आणि त्या थेंबांनी बुरशीला आवरणारे चांगले जंतूसुद्धा मेले. तेल घालायला कोणी सांगितलं?"

"आईने," मी, पन्नाशीच्या बाईने, उत्तर दिलं.

"त्या स्वतः घालतात?"

घालते की. रोज, दोन्ही कानांत, माझ्या डोळ्यांदेखत. आणि गेलं वर्षभर तिला धड ऐकू येत नव्हतं. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला रिक्षात घालून नेलं. तुझं तेलच बाधलं, हे वाटेत तिला कुठल्या तोंडाने सांगणार? ते डॉक्टरांनीच सांगितलं, मोठ्याने, तीनदा. तिने पदराने कान पुसला. मग म्हणाली, "पोरांच्या कानात पन मीच घातलं."

"पोरं धडधाकट आहेत, आजी," डॉक्टर हसले. मला मात्र रडू आवरेना.

त्यांनी बारीक नळीने ओढून तिचे कान साफ केले. चिकट, काळपट गोळे निघाले.

"आई, दुखलं का गं?" मी विचारलं.

तिने दचकून दोन्ही कानांवर हात ठेवले. "वरडतेस कशाला? हळू बोल की."

परतताना रिक्षात तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द शोधायला लागले. 'जेवलीस का', 'गोळी घे' आणि 'दार लाव' यांपलीकडे काही सापडेना. वर्षभर मी तिला ओरडून एवढंच सांगत आले होते.