हिची शप्पथ

आमचे सासरे शिंपी आहेत, आणि शिंप्याचा गुरुवार कधी उगवतो हे देवालाही ठाऊक नसतं. गिऱ्हाइकानं भुवई उंचावली की सासरे स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणायचे, "हिची शप्पथ, गुरुवारी देतो!" दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. त्यामुळे आतून लगेच सासूबाईंचा आवाज यायचा, "सुटली!" खोटी शपथ आपल्याला बाधू नये म्हणून त्या ती जागच्या जागी सोडवून टाकत. चाळीस वर्षं हेच चाललंय, म्हणून तर त्या अजून ठणठणीत आहेत.

मी मागे बसून काजं-बटणं करते. त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि दिसलेलं पचत नाही हा माझा स्वभाव. पण त्या वेळी पचवलं.

झालं असं. निवृत्त हेडबाईंचा कोट कापताना सासरे दारातल्या माणसाशी गप्पा मारत होते. बाविसाची बाही विसाला कापली गेली. हेडबाईंनी कोट घातला तर दोन्ही मनगटं उघडी! सासऱ्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

"कापड आटलं बाई! वाफेची इस्त्री फिरवली आणि आटलं. हिची शप्पथ."

"सुटली!"

हेडबाई तणतणत समोरच्या कापडाच्या दुकानात गेल्या. मला वाटलं, चार शब्द होतील आणि मिटेल.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानातली काउंटरवरची ताई आमच्याकडे आली. शिवायला दिलेलं स्वतःचं कापड तिला तसंच परत हवं होतं. "आटणारं कापड न सांगता विकलं म्हणून मालकांनी सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. तिच्या घरात मिळवती ती एकटीच. सासऱ्यांनी कापड काढून दिलं. ती गेल्यावर त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही ओवला जाईना. मी काज करत राहिले. खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटत होती.

त्यांना कुणी काही म्हणालं नाही. तरी ते उठले, गळ्यातली टेपही न काढता रस्ता ओलांडून गेले. माझ्याच्यानं राहवेना, मीही मागोमाग गेले.

"बाही मीच आखूड कापली," ते मालकाला म्हणाले. "कापड चांगलं आहे. ताईला काढू नका."

मालक हसला. "मास्तर, पोरीची दया आली होय? घ्या बरं शपथ!"

सासऱ्यांचं बोट सवयीनं घराच्या दिशेनं उठलं. मग त्यांनी ते खाली घेतलं.

"नाही घेत. बाविसाला कापायची होती, विसाला कापली. तुमच्याच दुकानातून कापड घेऊन नवा कोट शिवून देणार आहे. हेडबाईंनाही सांगतो."

मालकानं हिशोबाची वही मिटली. मग आत वळून ओरडला, "ताई, सोमवारी वेळेवर ये!"

घरी येऊन सासरे मशीनवर बसले आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "बाही मीच चुकवली. सांगून आलो सगळ्यांना."

"सुटली!" आतून आवाज आला.

"अगं, घेतलीच नाही!"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. सासूबाई ओले हात पदराला पुसत दारात आल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे खरंच आहे की!"