काजवालीचा चष्मा

आमच्या ह्यांचं कौतुक करायला लोक दुकानात आले की मी वर स्वयंपाकघरात भांडी आपटते. लोकांना वाटतं, बाई फटकळ आहे. आहेच मी फटकळ. पण भांडी त्यासाठी आपटत नाही.

हे चष्मे करतात. खाली दुकान, वर घर, मधे कुरकुरणारा लाकडी जिना. हात चांगला, पण माणूस एक नंबरचा आळशी. नऊला उघडायचं दुकान साडेदहाला उघडायचं. जेवण झालं की पलीकडच्या दुकानात पत्ते कुटायला पळायचं. नवा चष्मा घालून कुणी तक्रार घेऊन आलं की ह्यांचं उत्तर तयार असायचं, "नवीन नंबर आहे, आठवडाभरात सवय होईल." दहातल्या नऊ जणांना खरंच होते. चष्मेवाल्यांच्या तोंडी हे वाक्य उगाच बसलेलं नाही.

काजवाली दहावी निघाली.

ती कोटांना हातानं काजं करायची. पन्नाशीला टेकलेली, नवरा कधीच गेलेला, घरात ती आणि तिनं लहानाची मोठी केलेली भाची. भाचीनं कापडावर खडूनं रेघा आखायच्या, हिनं त्या रेघांवर काजं करायची. चार शिंप्यांची दुकानं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे कोट पाठवत नसत. तिच्या दोन डोळ्यांचे नंबर अगदी वेगळे होते, आणि फ्रेम तिनं गोल निवडली. गोल फ्रेमची गोम अशी की उजवी काच डावीकडेही झक्क बसते. दुसऱ्या आकाराच्या फ्रेममध्ये ती शिरणारच नाही. म्हणून गोल फ्रेम भरली की प्रत्येक काच नंबर मोजायच्या यंत्राखाली धरून पुन्हा बघायची, हा धंद्यातला साधा नेम. त्या दिवशी पत्त्यांचा डाव मांडून झाला होता. ह्यांनी काचा भरल्या, फडक्यानं पुसल्या आणि चष्मा दिला.

आठ दिवसांनी ती आली. "दादा, रेघा तिरक्या दिसतात हो."

"सवय होईल."

महिन्यानं पुन्हा आली, तेव्हा मी दुकानातच होते. ह्यांनी तेच सांगितलं, आणि मी वर मखलाशी केली, "अहो ताई, घराला नव्या सुनेची सवय होते, तुम्हाला चष्म्याची नाही होणार?" दुकानातले सगळे हसले. तीही हसली बिचारी. मग आली नाही.

सव्वा वर्षानं आली ती काडीचा स्क्रू पडला म्हणून. काजं बंद केली म्हणाली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. "हात गेला माझा, वहिनी. मला सरळ वाटायचं आणि शिंपी म्हणायचे तिरकं आहे. तीन कोट परत आले, मग मीच सुई खाली ठेवली. वय झालं, दुसरं काय!"

हे स्क्रू बसवत होते. काय मनात आलं कोण जाणे, चष्मा यंत्राखाली धरला. मग दुसरी काच धरली. मग पुन्हा पहिली. मी ह्यांचा चेहरा बघितला आणि समजले, काचा उलट्या बसल्या होत्या. तिच्याकडे पाठ करून ह्यांनी काचांची अदलाबदल केली आणि चष्मा तिच्या हातात दिला. "काचा साफ केल्यात," एवढंच म्हणाले.

"अगं बाई! किती लख्ख दिसतंय!" ती म्हणाली. "दादा, जादू आहे तुमच्या हातात."

ती दोन पावलं गेली असेल नसेल, हे तिला हाक मारायला दाराकडे निघाले. मी मनगट धरलं. "खबरदार! चूक दुरुस्त झाली ना? आता सांगून तिचं काम परत येणार आहे का? दुकानाचं नाव तेवढं मातीत जाईल. गप्प बसा." हे बसले. माझं ऐकायची ह्यांना खोड आहे, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे पाचला उठायला लागले. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण पत्ते सुटले, चहातली साखर सुटली, दुकान नऊच्या ठोक्याला उघडायला लागलं. प्रत्येक चष्मा दोनदा यंत्राखाली. गिऱ्हाइकाला घालायला लावून रस्त्यापर्यंत चालवायचं, समोरच्या पाट्या वाचायला लावायच्या, आणि कुणी कुरकुर केली की खुर्ची देऊन सगळं पहिल्यापासून तपासायचं. ते ठरलेलं वाक्य पुन्हा तोंडातून निघालं नाही. रोज रात्री जेवणाआधी वही घेऊन अर्धा तास बसायचे. गल्लीत ह्यांचं नाव 'घड्याळ' पडलं. आयाबाया पोरांना सांगायला लागल्या, माणसानं स्वतःला कसं घडवावं ते घड्याळकाकांकडून शिका.

एकदा हे आंघोळीला गेले असताना मी ती वही उघडली. दिवसभराचा हिशोब होता: किती चष्मे तपासले, कुठे चिडलो, कुठे टाळाटाळ केली. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ, 'आज नाही सांगितलं.' पानं उलटत गेले, तीच ओळ. माणूस वर्षभर रोज माझ्या परवानगीची वाट बघत होता आणि मी त्याला चहा बिनसाखरेचा लागतो का, हेच विचारत होते. मी वही होती तशी ठेवली. मग तरी मी ह्यांना 'सांगा' म्हणाले का? नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

मग वाचनालयवाल्यांनी ह्यांना बोलायला बोलावलं. विषय काय, तर 'शिस्तीनं आयुष्य कसं बदलतं'. इस्त्रीचा सदरा घालून हे उभे राहिले, दोन वाक्यं बरी बोलले आणि थांबले. तिसऱ्या रांगेत काजवाली बसली होती. नाकावर तो गोल चष्मा. शेजारणीला सांगत होती, "ह्यांनीच केलाय हो." लोकांना वाटलं घड्याळकाका भारावले, म्हणून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात तिच्या.

घरी येऊन हे जेवले नाहीत. सकाळी चपला घालताना म्हणाले, "मी सांगायला चाललोय. आता मनगट धरू नकोस."

"धरत नाही," मी म्हणाले. "मी पण येते."

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, खिडकीपाशी रिकामं शिवणाचं टेबल, त्यावर घडी केलेले टॉवेल. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. ह्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काचा उलट्या भरल्या, तपासल्या नाहीत, ती दोनदा सांगायला आली तर परत पाठवली, कळल्यावर गुपचूप बदलल्या. "तुमचा हात गेला नव्हता. मी घालवला."

ती ओरडेल, चष्मा अंगावर भिरकावेल, याची मी तयारी करून आले होते. ती खिडकीपाशच्या टेबलाकडे वळली.

"म्हणजे पोरीच्या रेघा सरळ होत्या," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. मग तिनं सांगितलं. नवा चष्मा आला आणि भाचीनं आखलेल्या रेघा हिला तिरक्या दिसायला लागल्या. आधी हिनं समजावलं, मग रागावली, मग एक दिवस सगळ्यांसमोर बोलली की मुद्दाम माझं नाव घालवतेस, खाल्ल्या घरचे वासे मोजतेस. पोर रडत होती, 'मावशी, पट्टी लावून बघ ना.' हिनं पट्टी भिरकावली आणि तिला बापाकडे धाडून दिलं.

"गेल्या वर्षी दिवाळीत आली होती," ती म्हणाली. "दारात उभी राहून अर्धा तास हाका मारत होती. मी कडी काढली नाही."

गेल्या वर्षीची दिवाळी. तोवर तो चष्मा सरळ करून आम्हाला सहा महिने झाले होते. मी एका बाईचं काम गेलं एवढंच धरून बसले होते, आणि इकडे माझ्या 'गप्प बसा'नं एक पोर बंद दाराशी उभी होती. मला रडायला आलं, आणि इथं रडायचा आपल्याला काय हक्क, म्हणून मी ते गिळलं.

तिनं फडताळातून कागद काढला. "माझ्या तोंडचं ती आता ऐकणार नाही, दादा. तुम्ही लिहून द्या. मी घेऊन जाते."

ह्यांनी लिहिलं. सगळी चूक स्वतःवर घेतली. लपवलं तेसुद्धा 'मी भ्यालो' असं लिहिलं. माझं नावसुद्धा नाही. सही करून कागद तिच्याकडे सरकवला, तो मी मधेच घेतला. पेन मागितलं. खाली लिहिलं, 'हे त्याच दिवशी सांगायला निघाले होते. मी अडवलं.'

काजवालीनं ती ओळ वाचली, आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.