रस्टवाल्यांची पंगत

आमच्या सोलापूरच्या ऑफिसात आम्ही पाच प्रोग्रामर. त्यातले चौघे रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचे भक्त. भक्तच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. खेकडा हे रस्टचं बोधचिन्ह, म्हणून टेबलावर कापडी खेकडा, बाटलीवर खेकडा. आमच्या म्होरक्याने तर लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली खेकडा छापला. सासऱ्यांना वाटलं, जावयाची रास कर्क असेल.

पाचवा बिचारा पीएचपी या जुन्या भाषेत लिहायचा. म्हणून त्याचा डबा वेगळ्या टेबलावर. त्याच्या शेंगाचटणीला आम्ही हात लावत नव्हतो. हो, चौघांत मीही होतो.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याची हजेरी त्याच्या प्रोग्रामवर सात वर्षं बिनबोभाट चालली होती. आम्हीच मालकाच्या मागे लागून ती रस्टमध्ये नव्याने लिहिली. आपल्या प्रोग्रामात अर्धवट माहिती शिरूच शकत नाही, असं म्होरक्या छाती फुगवून सांगायचा.

पहिल्याच सोमवारी हजेरीच्या मशीनने पॅकिंगमधल्या एका बाईचं बोट नाकारलं. तिची जन्मतारीख कोरी होती, कारण ती तिलाच ठाऊक नव्हती. जुना प्रोग्राम कोरी जागा चालवून घ्यायचा. आमच्याला ते खपेना. वॉचमनने तिला दोन दिवस गेटवरून परत पाठवलं. सलग तीन खाडे झाले की नाव कमी, असा तिथला नियम.

तिसऱ्या सकाळी मी आणि म्होरक्या गेलो. तो लॅपटॉप उघडून तिला समजावू लागला, की प्रोग्राम बरोबर आहे, चूक माहितीत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी हितं उभी हाय की," ती म्हणाली. "त्यात नसंल तर घाला."

कोरी जागा चालू द्यायची, एवढंच काम होतं. पण म्होरक्याला त्याचा विटाळ. त्याने शाळेतले मास्तर लावतात तसा एक जून लावला आणि तिच्या तोंडाकडे बघून साल ठोकून दिलं. मशीन हिरवं झालं. कोरं खरं न चालणाऱ्या प्रोग्रामला धडधडीत खोटं मात्र पचलं.

बाई आत जाता जाता थांबली. "ह्याच तारखेनं मला कामावरनं बी काढनार का?"

म्होरक्याचा चेहरा खुलला. "हो मावशी. निवृत्तीचं वय भरलं की ते आपोआप होतं, कुणी सांगायलाही लागत नाही."

मला त्याची किळस आली, आणि शेजारी मान डोलावत उभ्या असलेल्या माझी त्याहून जास्त. बाई बोटांवर उरलेली वर्षं मोजत आत गेली.